तीनशे दोनचा गंधार

भांडेकर मास्तरांच्या सायकलला घंटी नव्हती. ब्रेक एकच होता आणि तो लागेलच याची खात्री खुद्द मास्तरांनाही नव्हती. वाटेत माणूस, बैल किंवा कोंबडी आडवी आली की मास्तर तोंडाने 'सा' लावत. ओरडत नसत. पोटातून आलेला, गोल, जागचा न हलणारा सा. सावलीच्या बाजारातली माणसं त्या सुराला इतकी सरावली होती की मागे वळून न बघताच बाजूला होत. विहिरीवरच्या बाया म्हणत, "मास्तर आले, शाळा भरते आता." कोंबड्यांना मात्र तो सूर शेवटपर्यंत कळला नाही, असं मास्तर फार गंभीरपणे सांगत.

मी चांद्याहून सावलीच्या शाळेत मराठी शिकवायला गेलो तेव्हा आमचा मुलूख अजून मध्यप्रदेशात होता आणि सगळे सरकारी कागद नागपूरला जात. गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी मला भांडेकर मास्तरांच्या स्वाधीन केलं, कारण त्यांच्या घरातली एक खोली रिकामी होती. पहिल्याच सकाळी चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं की मी कोणत्या पट्टीत बोलतो हे मला ठाऊक आहे का. मी म्हणालो, मी मराठीत बोलतो. यावर ते हसले नाहीत. थोडा वेळ माझं बोलणं ऐकून म्हणाले की तुमचा आवाज काळी एकच्या आसपास फिरतो, पण बसत कुठेच नाही.

पट्टी म्हणजे गाणारा माणूस पेटीच्या ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती, हे मला नंतर कळलं. माझा आणि सुरांचा संबंध शाळेच्या प्रार्थनेपुरता, आणि तिथेही मी नुसते ओठ हलवीत असे. तेव्हा मास्तरांविषयी लिहायला मी अगदी चुकीचा माणूस आहे. पण ज्यांना सुरातलं कळत होतं ती माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना गावच्या मंडळाची नाटकं आठवतात, मास्तर आठवत नाहीत. मला त्याचा राग येतो, म्हणून हे लिहितो आहे.

दिसायला मास्तर अगदी कुणासारखेही होते. ठेंगणे, सावळे, धोतर घोट्याच्या वर, डोक्यावर टोपी. टोपी खडूने कायम माखलेली असे, कारण फळा पुसायचं फडकं त्यांना कधी सापडलं नाही. जन्म सावलीपासून दोन गावं पलीकडचा, धानाच्या बांधावरचा. नागपूरला इंटरपर्यंत सायन्स शिकले आणि परत आले. तिथल्या कॉलेजबद्दल ते एवढंच सांगत की तिथला पंखा कोमल निषादात फिरायचा.

आवाज आला की त्याचा आकडा काढायचा ही त्यांची खोड होती. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की मास्तर म्हणत, "दोनशे साठ असन." धानाच्या गिरणीचा भोंगा, तलावाकाठचे बेडूक, कुणाच्या घरी फुटलेलं मडकं, सगळ्यांना आकडे. सेकंदाला किती कंप, तो आकडा. आमचे हेडमास्तर रागावले की आवाज चढवत. ते एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना झाडत होते आणि मास्तर खाली मान घालून ऐकत होते. साहेब गेल्यावर मास्तर मला हळूच म्हणाले, "आज पंचमापर्यंत गेले. नेहमी मध्यमावरच राह्यते." मला हसू आवरेना. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काय आहे हे कळलं नाही.

आणि एक बोलणं त्यांच्या तोंडी सारखं असे: थोडं थोडं साऱ्याईनं सोसा. याचा प्रसाद आम्ही सगळ्यांनी एकदा खाल्ला. शाळेचं टाइमटेबल दरवर्षी ज्येष्ठ शिक्षक बनवत आणि दुपारच्या जेवणानंतरचे झोपेचे तास, शनिवारचा शेवटचा तास, असं सगळं नव्या मास्तरांच्या गळ्यात पडे. त्या वर्षी कुरकूर फार झाली म्हणून काम भांडेकर मास्तरांकडे आलं. त्यांनी प्रत्येक वाईट तासाला वजन दिलं, बेरीज केली आणि प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच त्रास येईल असं टाइमटेबल आणून टांगलं. आधी तिघं नाराज असत, आता सगळी शाळा नाराज झाली. मास्तरांना हा आपला विजय वाटला. कुणी भांडायला गेलं की ते बेरीज दाखवत, आणि बेरीज बरोबर असे. त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसे.

मॅट्रिकच्या वर्गात त्यांनी जे शिकवलं ते मी व्हरांड्यातून पाहिलं आहे. त्यांच्याकडे एक सागवानी फळी होती. फळीवर पोलादी तार ताणलेली, एका टोकाला ती पिळायची खुंटी, तारेखाली विज्ञानाच्या कपाटातली मीटरपट्टी आणि तारेला मधेच टेकवायला लाकडाची लहानशी घोडी. घोडी सरकवली की तारेचा वाजणारा भाग लहान होतो आणि सूर चढतो. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: खालचा सा दोनशे चाळीस, वरचा सा चारशे ऐंशी. मधे बारा घरं. आणि मुलांना म्हणाले, सारखे वाटे घाला.

सारखे वाटे घालणं त्या मुलांना कुणी शिकवायला नको होतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासोळी धरतं आणि काठावर पळसाच्या पानांवर घरटी एकेक वाटा घालतात. कुणाचा वाटा तसूभर मोठा नाही. वर्ग एका सुरात ओरडला, "वीस, वीस!" मास्तरांनी मान डोलावली, वीस वीसने वर चढत घोडी सरकवली आणि तार छेडत गेले. सात-आठ सुरांतच पोरं हसून लोटपोट झाली. पंचम कुठल्या कुठे गेला होता म्हणे. मला काही कळलं नाही, पण पोरांची तोंडं पाहून मीही हसलो.

"मासोळीचा हिसाब बराबर आहे," मास्तर म्हणाले. "गाण्याचा नाई."

मग त्यांनी टेबलाखालून बुरडाकडून आणलेल्या टोपल्या काढल्या. लहान टोपलीला चार बोटं वाढवली तर ती केवढी मोठी दिसते, आणि धान साठवायच्या मोठ्या ढोलीला चार बोटं वाढवली तर कुणाला पत्ताही लागत नाही, असं ते सांगत होते. कानाचंही तसंच आहे. तेव्हा सारखं मिळवू नका, सारख्याने गुणा. असा आकडा शोधा की ज्याने बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट होईल. लॉगची कोष्टकं उघडली गेली. दोनचा लॉग घेतला, त्याचे बारा भाग केले, उलटा आकडा पाहिला: एक पूर्णांक शून्य पाच नऊ पाच. या आकड्याने गुणत गुणत त्यांनी पुन्हा घोडी सरकवली आणि या वेळी कुणी हसलं नाही. तो आकडा त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि वर्षभर कुणाला पुसू दिला नाही. मला माझे समास त्याच्या बाजूला दाटीवाटीने लिहावे लागत.

हे सगळं त्यांना पुस्तकातून कळलं होतं. पण संध्याकाळी ते ज्याच्यासाठी जात ते पुस्तकात नव्हतं.

बाजाराच्या टोकाला गणपतभाऊ शिंप्यांचं दुकान होतं. गणपतभाऊ गावच्या नाटक मंडळाचे पेटीवाले. पेटी त्यांच्या वडिलांची. तिच्यातल्या सूर देणाऱ्या पितळी पत्त्या वडिलांनी आणि मग त्यांनी स्वतः कानाने घासून बसवल्या होत्या, आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. दिवस मावळायला आला की ते मशीनवर कापड टाकत आणि पेटी पुढे ओढत. मास्तर खुर्ची सोडून उंबऱ्यावर बसत. गणपतभाऊ सा धरत, त्याच्यावर गंधार धरत, आणि दोन्ही तसेच धरून भाता हलवीत राहत. मास्तर डोळे मिटत. बऱ्याच वेळाने म्हणत, "तीनशे." गणपतभाऊ म्हणत, "बसला." दोघांचं रोजचं बोलणं एवढंच. मी चिंध्या मोजत बसे आणि कंटाळून घरी येई.

मास्तरांनी मला एकदा समजावून सांगितलं. सा कोणत्याही पट्टीचा असो, हिशोबापुरता तो दोनशे चाळीस धरला तर कानाला गोड लागणारा गंधार बरोबर तीनशेवर असतो. दोन सूर एकमेकांत असे विरघळतात की कुठे सांधा दिसत नाही. तो गंधार गाताना मोठमोठ्यांचा निसटतो. गणपतभाऊंच्या पेटीत तो कायमचा बसलेला होता. "या आपल्या भागात दुसरा नाई," ते म्हणाले. असं काही बोलताना त्यांचे डोळे भरून येत आणि मला कसनुसं होई.

या पेटीवर गाणारे डोमाजी. उंच, काळेभोर, धानाची शेती करणारे गृहस्थ. आमच्या भागात सुगी झाली की गावोगाव नाटकं होतात, रात्री सुरू होतात आणि उजाडल्यावर संपतात. डोमाजी वीस-बावीस वर्षं त्यात राजा होत आले होते. माइक नव्हता. काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या चढ्या पट्टीत, ते गात आणि मांडवाच्या शेवटच्या बैलगाडीपर्यंत शब्द पोचत. गणपतभाऊंनी पेटी बसवली होती ती याच पट्टीसाठी, याच गळ्यासाठी. दोघं लंगोटीयार.

त्या वर्षी डोमाजींचा गळा उतरला. खालचे सूर पूर्वीसारखेच भरदार, वर गेले की आवाज फाटे. दोन पट्ट्या खाली घेतलं की गाणं पुन्हा पहिल्यासारखं होत असे, पण मग पेटी साथ देत नव्हती. गणपतभाऊंच्या पेटीतला प्रत्येक सूर काळी चारशी गोड होता. दुसरीकडून सा धरला की तीच अंतरं जुळत नसत, काही सूर आंबत. गणपतभाऊ म्हणत, ही पेटी त्या पट्टीची नाही. मंडळाच्या लोकांनी मग दुसऱ्या गावचा एक पंचविशीतला गाणारा पाहिला आणि डोमाजींना सांगितलं की तुम्ही यंदा म्हाताऱ्या प्रधानाचं काम करा. प्रधानाला गाणं नव्हतं.

डोमाजी मास्तरांच्या अंगणात येऊन बसले. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. ते बराच वेळ पिकापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "प्रधान होतो मी, मास्तर, त्याचं काई नाई. पण गाणं नसन तं मी तिथी रात्रभर उभा राहून काय करू?"

 दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून मास्तर लॉगची कोष्टकं घेऊन बसले आणि दुपारी त्यांनी मला कागद दाखवला. दोनशे चाळीस, दोनशे चोपन्न पूर्णांक तीन, दोनशे एकोणसत्तर पूर्णांक चार, असे चढत चढत चारशे ऐंशीपर्यंत. मॅट्रिकच्या पोरांना शिकवलेलाच हिशोब. पेटी अशी बसवली तर कोणतीही पट्टी धरा, अंतरं तीच. डोमाजी दोन पट्ट्या खाली आले तरी पेटी कुरकुरणार नाही. किंमत एवढीच की एक सा सोडला तर कुठलाच सूर अगदी आपल्या जागी राहत नाही. पंचम नावापुरता हलतो. गंधाराला जास्त झळ लागते. तीनशेचा गंधार तीनशे दोन पूर्णांक चार होतो.

मी म्हणालो, म्हणजे हे तुमचं टाइमटेबलच झालं. मला वाटलं ते खूश होतील.

"टाइमटेबलात गोड काई नोतं," ते म्हणाले. "म्हणून ते सोपं होतं."

गणपतभाऊंकडे जाताना त्यांनी मला बरोबर नेलं. एकट्याने जायचा धीर नव्हता, हे उघड होतं. गणपतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. वडिलांनी बसवलेल्या पत्तीला कानस लागणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि मशीन चालवू लागले. तेव्हा मास्तरांनी मेणाचं काढलं. पत्तीच्या टोकाला मेणाचा ठिपका दिला की पत्ती जड होते आणि सूर उतरतो. मेणाने सूर चढवता येत नाही, पण सगळी पेटीच किंचित खाली आणून हिशोब जमवता येईल. आणि मेण काढलं की पेटी पुन्हा जशीच्या तशी. गणपतभाऊंनी मशीन थांबवलं. बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावाहून मध घेऊन येणाऱ्या बाईकडून मेण आणलं गेलं. ते नीट चिकटेना म्हणून मास्तरांनी त्यात जवसाचं तेल घातलं. आठवडाभर शाळा सुटली की ते आणि गणपतभाऊ तारेशी सूर मिळवत ठिपके देत बसत.

तालमीला डोमाजी दोन पट्ट्या खाली गायले आणि कुणाला ती पट्टी खालची वाटली नाही. गाणं संपल्यावर तो नवा गाणारा पोरगा स्वतःच म्हणाला की राजा हेच होतील, मी राजपुत्र होतो. डोमाजींनी पागोट्याने तोंड पुसलं. मास्तर मात्र गणपतभाऊंच्या बोटांकडे बघत होते. येताना मला म्हणाले की गणपतभाऊ गंधारावर थांबतच नाहीत, तापल्या तव्यावरून बोट काढावं तसे पुढे जातात.

होळी होऊन गेल्यावर वैनगंगेपलीकडच्या एका गावी मंडळाचं नाटक ठरलं. बैलगाड्या दुपारी नदीच्या वाळूतून निघाल्या. मास्तरांनी तारेची फळीही बरोबर घेतली होती. धूळ जाऊ नये म्हणून पेटी काळ्या ताडपत्रीत गुंडाळली होती. ही काळजीही मास्तरांचीच. पाय भाजत होते, वाळूकडे बघवत नव्हतं. गावात पोचल्यावर मांडवाशेजारच्या मोहाखाली गणपतभाऊंनी पेटी सोडली, भाता मारला आणि हात काढून घेतला. मलाही कळलं की काहीतरी गेलं. झाकण काढलं तर मेण पातळ होऊन घरंगळलं होतं. काही पत्त्यांच्या टोकावरून मुळाशी आलं होतं, काही पत्त्या चिकटून मुक्या झाल्या होत्या. मास्तर बघत राहिले. "तेल घालाले नोतं पाह्यजे," एवढंच म्हणाले.

गावकरी चुली पेटवत होते, चहूकडून गाड्या येऊ लागल्या होत्या. पुन्हा ठिपके द्यायला मेण नव्हतं. मेण पुसून टाकलं की पेटी जुनी होणार होती, काळी चारची. मंडळाचे लोक त्या नव्या गाणाऱ्या पोराला शोधायला निघाले. डोमाजींनी त्यांना थांबवलं नाही. ते मोहाच्या बुंध्याशी टेकून बसले आणि म्हणाले की मी प्रधान होतो, नाटक होऊ द्या.

गणपतभाऊंनी चिंधीने एकेक पत्ती पुसली. सगळ्या स्वच्छ झाल्यावर त्यांनी सा आणि गंधार धरला, रोजच्यासारखा. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. मग गणपतभाऊंनी पिशवीतून आपली बारीक कानस काढली.

"तुमची तार काढा, मास्तर."

"एकदा घासलं की मांगं येत नाई, गणपतभाऊ."

"मले मालूम आहे. पेटी बापाची आहे. डोमा माहा आहे."

डोमाजी नको नको म्हणत उठले. गणपतभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्तर तार छेडत गेले, गणपतभाऊ घासत गेले. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मी त्या दिवशी शिकलो. अंधार पडेपर्यंत दोघांनी एकमेकांशी 'थोडं', 'बस', 'पुढचा' यापलीकडे शब्द बोलला नाही. मधल्या सप्तकातला गंधार त्यांनी शेवटी ठेवला होता. तिथे आल्यावर गणपतभाऊंनी कानस मास्तरांपुढे धरली.

"हा तुम्ही घासा. माह्या हातानं नाई होत."

 मास्तरांनी धोतराला तळवे पुसले आणि पत्तीच्या टोकावर कानस फिरवली. ऐकलं, पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकलं. मला वाटतं तो सूर तिथे आणायला जेवढा वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा त्यांना जास्त लागला. मग त्यांनी कानस खाली ठेवली आणि ते नदीच्या बाजूला चालत गेले.

नाटक मी बहुतेक झोपेत पाहिलं. जाग आली तेव्हा झुंजुमुंजू होत होतं, गॅसबत्त्या फिक्या पडल्या होत्या आणि राजाचं शेवटचं गाणं चाललं होतं. माणसं गाड्यांवर उभी होती. बाया पोरांना कडेवर घेऊन रडत होत्या. डोमाजींचा आवाज खालचा, पण मांडवभर भरून राहिलेला. इतकं गाणं मला आयुष्यात कधी कळलं नव्हतं आणि पुढेही कळलं नाही. मास्तर पडद्याच्या आडोशाला उभे होते. ते गाणाऱ्याकडे बघत होते की पेटीवाल्याकडे, मला दिसलं नाही.

डोमाजी त्यानंतरही बरीच वर्षं राजा झाले. दरवर्षी नव्या तांदळाची पायली मास्तरांकडे येई. मंडळाला आता कोणत्याही पट्टीचा गाणारा चाले, त्यामुळे नवी पोरं येऊ लागली आणि मंडळ वाढलं. सगळे मास्तरांना मान देत. मास्तर रोज संध्याकाळी गणपतभाऊंकडे जातच होते. गणपतभाऊ सवयीने सा आणि गंधार धरत, आणि त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होई. ते पाहून मास्तरांना बरं वाटे, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला त्यांचा थोडा रागही येई. एकदा तलावाच्या पाळीवरून फिरताना मी त्यांना ते बोलून दाखवलं. मित्राला त्रास होतोय आणि तुम्हाला बरं वाटतं, हे काय?

 मास्तर म्हणाले, "त्याले खटकते तोवर खरा गंधार त्याच्या कानात आहे. माह्याजवळ नुसता आकडा आहे, सर. मले तो तारेवर काढा लागते. त्याले काढा लागत नाई, त्याच्यात तो आहेच. आता दुसरी जागा नाई राह्यली त्या गंधाराले."

पुढे राज्याची फेररचना झाली, आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आणि बदल्यांची एक लाट आली. मास्तरांची बदली पार सिरोंचाच्या बाजूला झाली. तिकडे तेलुगू बोलतात, पोरांना मी काय शिकवू, असं ते मला दोनदा म्हणाले. तक्रार अशी केली नाही. सामान थोडंच होतं. सायकल त्यांनी शाळेच्या शिपायाला देऊन टाकली. सकाळच्या गडचिरोलीच्या बसला निम्मं गाव आलं होतं. डोमाजी होते, पोरं होती, हेडमास्तरही होते. मास्तर खिडकीशी बसले आणि सगळ्यांना हात जोडत होते.

गणपतभाऊ सगळ्यात शेवटी आले. दुकान उघडं टाकून आले होते, गळ्यात टेप तशीच. खिडकीखाली उभे राहिले. त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मास्तर, तुमी त्या गंधाराचं मनाले लावून घेत होते, मले मालूम आहे. आता जाऊन राह्यले तं सांगतो. मले तो आता खटकत नाई. काल वाजवता वाजवता ध्यानात आलं. बसला."

मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून गणपतभाऊंचा हात धरला.  ड्रायव्हरने हॉर्न दिला, बस हलली, आणि गणपतभाऊ हात न सोडता चार पावलं बसबरोबर चालत गेले. मग हात सुटला. वळणावर बस हळू झाली तेव्हा मास्तर खिडकीत अजून दिसत होते. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. ते मला दिसले ते शेवटचे.

गणपतभाऊ माझ्याजवळ आले.

"काऊन रडून राह्यले मास्तर?" ते म्हणाले. "मी तं चांगलंच सांगलं."

गाव सोडून जायचं दुःख असेल, असं मी त्यांना सांगितलं, आणि आम्ही दोघं बाजाराच्या वाटेने परत आलो.